कंसातले वजा तीन

य = क्ष³ − क्ष चा आलेख काढायचा आहे. सवयीप्रमाणे तक्ता होतो. क्षच्या जागी −१, ०, १ घातले, य तिन्ही वेळा शून्य. तीन टिंबं, तिन्ही क्ष-अक्षावर. पट्टी लावून जोडली की सरळ रेघ. मग २ घातले तर य एकदम ६, आणि −२ घातले तर −६. म्हणजे मधे सपाट फळी आणि दोन्ही टोकांना मोडलेल्या काड्या. हिशोबात एकही चूक नाही आणि चित्र साफ खोटं. खरा वक्र −१ ते ० या पट्ट्यात वर चढून ०.३८५ पर्यंत पोचतो आणि खाली येतो, ० ते १ मधे तेवढाच खाली उतरून परत वर येतो. ही वळणं क्ष = −०.५७७ आणि ०.५७७ च्या आसपास आहेत. पूर्णांकांचा तक्ता त्यांना ओलांडून पुढे निघून जातो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

टिंबं मांडून ती जोडणं आणि आलेखाचं रेखाटन करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि शाळेतून बाहेर पडताना बहुतेकांना फक्त पहिलं येत असतं. टिंबं सांगतात फंक्शन, म्हणजे क्ष दिला की य ठरवणारा नियम, त्या त्या जागी काय आहे. दोन टिंबांच्या मधे काय आहे याबद्दल ती काहीच बोलत नाहीत, तिथे आपणच आपल्या मनातलं भरतो. रेखाटन उलट बाजूने सुरू होतं. फंक्शन कुठे आहे, कुठे नाही, कुठे शून्य होतं, कुठे फुटतं, लांब गेल्यावर कशासारखं वागतं, ही विधानं आधी मिळवायची आणि त्या सगळ्यांना एकाच वेळी पटेल अशी रेघ ओढायची. मोजमाप नेमकं नसलं तरी चालतं. रेखाटनात तीनच गोष्टींवर आकडे लागतात: अक्षांना छेदणारे बिंदू, वळणबिंदू आणि असिम्प्टोट, म्हणजे ज्यांच्या जवळजवळ जात राहायचं त्या रेषा. बाकी फक्त आकार खरा हवा.

यासाठी पदरी थोडे मूळ आकार लागतात. क्ष², क्ष³, वर्गमूळ, १/क्ष, १/क्ष², क्षचं केवल मूल्य (ऋण चिन्ह काढून टाकलेला क्ष), २ चा क्ष घात, लॉग, साइन आणि टॅन. ही दहा चित्रं डोळे मिटून दिसली पाहिजेत. क्ष³ आरंभबिंदूपाशी क्षणभर आडवा होतो, वर्गमूळ तिथून उभं निघतं, लॉग फार हळू चढतो पण चढायचं थांबत नाही, हे बारकावेही त्यात आले. यापेक्षा जास्त पाठांतराची मुळीच गरज नाही, कारण पुढची शेकडो चित्रं याच दहांना सरकवून, ताणून, उलटवून मिळतात.

आणि सरकवण्यापाशीच पहिली ठेच लागते.

फ(क्ष) म्हणजे कुठल्याही फंक्शन फ ला क्ष दिल्यावर मिळणारी किंमत. य = फ(क्ष) + ५ म्हटलं की आलेख ५ ने वर जातो. ते सगळ्यांना पटतं. य = फ(क्ष − ३) म्हटलं की आलेख ३ ने उजवीकडे जातो. हे कुणालाच पटत नाही. वजा आहे, मग डावीकडे का नाही? वर्गात याचं उत्तर बहुधा एका नियमाने मिळतं: कंसाबाहेर सरळ, कंसाच्या आत उलटं. नियम बरोबर आहे, पण घातक आहे. परीक्षेच्या दिवशी ‘उलटं’ एवढंच आठवतं. काय उलटं, कशाच्या मानाने उलटं, ते निसटतं.

जवळून पाहू. समजा (५, ७) हा बिंदू य = फ(क्ष) वर आहे, म्हणजे फ ला ५ दिले की ७ मिळतात. आता नव्या आलेखावर ७ ही उंची कुठे मिळेल? जिथे कंसाच्या आत ५ तयार होतील तिथे. क्ष − ३ = ५ होण्यासाठी क्ष ८ हवा. बिंदू (८, ७) वर आला, तीन घरं उजवीकडे. कंसातलं वजा ३ बिंदूला कुठेच ढकलत नाही. ते क्षमधून ३ काढून घेतं, म्हणून फ पर्यंत तेच ५ पोचवायचे तर क्षने ३ जास्त घेऊन यावं लागतं. फ(२क्ष) मधेही हेच. आत ५ तयार व्हायला क्ष २.५ पुरतो, म्हणून चित्र य-अक्षाच्या दिशेने निम्मं दाबलं जातं. गुणिले २ आहे म्हणून दुप्पट रुंद, असं काढणारे याच प्रश्नाचं उत्तर द्यायला विसरतात.

एक पायरी पुढे गेलं की ‘उलटं’ हा शब्दच सोडून देता येतो, आणि माझ्या मते तो सोडलाच पाहिजे. य = फ(क्ष) + ५ हे य − ५ = फ(क्ष) असं लिहा. आता दिसतं की यच्या जागी य − ५ घातलं तर चित्र ५ ने वर गेलं, आणि क्षच्या जागी क्ष − ३ घातलं तर ३ ने उजवीकडे गेलं. दोघांचा न्याय एकच! यच्या बाबतीत फक्त ५ पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवले होते, म्हणून त्याचं चिन्ह पालटलेलं दिसत होतं. तसंच य = २फ(क्ष) म्हणजे य/२ = फ(क्ष): यच्या जागी य/२ आला आणि चित्र दुप्पट उंच झालं. गंमत म्हणजे वर्तुळाच्या समीकरणात हे कुणाला खटकत नाही. (क्ष − २)² + (य − ४)² = ९ चं केंद्र (२, ४) आणि त्रिज्या ३, हे सगळे एका श्वासात सांगतात. दोन्हीकडे वजा असूनही केंद्र धन बाजूला कसं, असं कुणी विचारत नाही. तिथे क्ष आणि य शेजारी शेजारी बसलेले असतात, म्हणून.

फंक्शन आणि कंस यांची ही मांडणी ऑयलर या गणितज्ञाने १७३० च्या दशकात वापरायला घेतली. त्याआधी १४ व्या शतकात ओरेम बदलत्या राशी उभ्या रेघांच्या उंचीने दाखवत होता, आणि १६३७ मधे देकार्तने वक्र आणि समीकरण यांची गाठ घालून दिली होती. पण कंस आल्यावर एक नवी सोय झाली: फ काय आहे ते न सांगताही त्याच्या चित्राचं काय होईल ते सांगता येऊ लागलं. प्रश्नात नुसती वेडीवाकडी रेघ देऊन फ(२क्ष − ६) काढा म्हणतात तेव्हा तीच सोय कामाला आलेली असते.

आणि या फ(२क्ष − ६) वरच सगळ्यात जास्त गुण जातात. फ चा आलेख म्हणून एक कमान घ्या: ० पासून सुरू, ४ ला संपते, माथा (२, ४) वर. फ(२क्ष − ६) साठी ठरलेलं चुकीचं उत्तर असं असतं: २ आहे म्हणून निम्मी केली, कमान ० ते २. मग ६ आहे म्हणून सहा उजवीकडे, कमान ६ ते ८. पडताळा घ्या. क्ष = ७ हा या कमानीचा मध्य. २ × ७ − ६ = ८, आणि ८ ला तर फ ची कमान संपून किती तरी पुढे गेलोय. खरी टोकं थेट समीकरणातून मिळतात: २क्ष − ६ = ० तर क्ष = ३, २क्ष − ६ = ४ तर क्ष = ५. कमान ३ ते ५, माथा ४ वर, उंची तीच ४.

चूक कुठे झाली? प्रत्येक पायरीत फक्त क्षच्या जागी काही तरी घालायचं असतं, आख्ख्या कंसाच्या जागी नाही. फ(२क्ष) पर्यंत आल्यावर क्षच्या जागी क्ष − ६ घातलं तर फ(२(क्ष − ६)) म्हणजे फ(२क्ष − १२) होतं. आपल्याला ते नको होतं. दोन वाटा बरोबर आहेत. आधी ६ ने सरका, म्हणजे फ(क्ष − ६), कमान ६ ते १०. मग क्षच्या जागी २क्ष, कमान ३ ते ५. नाही तर आधी दाबा, मग २(क्ष − ३) असं बाहेर काढून ३ ने सरका. दुसरी वाट लिहायला जास्त सुरक्षित वाटते, कारण अंक कंसातून बाहेर काढला की सरकण्याचं माप डोळ्यांना थेट दिसतं. फ(३ − क्ष) मधेही हीच दक्षता. ते फ(−(क्ष − ३)) असं लिहिलं की आधी य-अक्षात उलटवा, मग ३ उजवीकडे, हे आपोआप कळतं. अधिक ३ आहे म्हणून उलटवल्यावर डावीकडे नेणारा चुकतो. हवं तर याहून थोडक्यात: फ(३ − क्ष) म्हणजे क्ष = १.५ या उभ्या रेषेत पडलेलं प्रतिबिंब.

साइनच्या प्रश्नात हीच चूक वेगळा अंगरखा घालून येते. य = ३ साइन(२क्ष − ६०°) + १. फेज शिफ्ट, म्हणजे लाट आडवी किती सरकली? ६०° असं उत्तर हमखास येतं. २ बाहेर काढा, २(क्ष − ३०°), म्हणजे शिफ्ट ३०°. पिरियड, म्हणजे लाटेच्या एका पूर्ण फेऱ्याची लांबी, ३६०° च्या निम्मा, १८०°. त्याचा चौथा भाग ४५°. आता पाच बिंदू पुरे: ३०°, ७५°, १२०°, १६५°, २१०°. त्यांच्या उंच्या क्रमाने १, ४, १, −२, १. आधी य = १ ही मधली रेषा तुटक काढून ठेवली की वर ३, खाली ३ मोजणं सोपं जातं. मधली रेषा न काढता थेट क्ष-अक्षाभोवती लाट काढणाऱ्यांची लाट ३ आणि −३ मधेच अडकते, आणि शेवटचं + १ उगाच राहून जातं.

एक गोष्ट इथे आडवळणाने सांगावीशी वाटते, कारण ती मला फार सुंदर वाटते. काही वक्रांमधे दोन वेगळ्या क्रिया एकच चित्र देतात. क्ष² ला आडवं निम्मं दाबलं तर (२क्ष)², म्हणजे ४क्ष². म्हणजे तेच चित्र चौपट उंच ताणल्यासारखं. २ चा क्ष घात ३ ने डावीकडे सरकवला की तो ८ पट उंच झालेला असतो, कारण २ चा (क्ष + ३) घात म्हणजे ८ गुणिले २ चा क्ष घात. आणि लॉग आडवा दाबला तर तो वर सरकतो, कारण लॉग २क्ष = लॉग २ + लॉग क्ष. घातांकांचे आणि लॉगचे नियम आपण बीजगणितात शिकतो तेव्हा ते कोरडे वाटतात. तेच नियम इथे चित्राच्या स्वभावासारखे समोर येतात. साइनला दाबण्याच्या बाबतीत असं काही जमत नाही. त्याला दाबलं तर तो दाबलेलाच दिसतो.

केवल मूल्याचं प्रकरण मात्र सरकवण्या-ताणण्यापेक्षा वेगळं आहे, कारण त्यात चित्राचा काही भाग फेकून द्यावा लागतो. फ(क्ष) = क्ष² − २क्ष − ३ घ्या. मुळं, म्हणजे फ शून्य होतो त्या जागा, −१ आणि ३, तळ (१, −४). या सगळ्या फंक्शनला केवल मूल्याच्या उभ्या रेघांत घातलं की अक्षाखालचा वाडगा वर उलटतो, (१, −४) चा (१, ४) होतो, आणि −१ व ३ वर टोकदार कोपरे येतात. हे कोपरे गोल करणं ही सर्रास दिसणारी चूक. रेघ अक्षाला तिरकी येऊन भिडली होती, ती तितक्याच तिरकेपणाने परत फिरणार, मग गोलाई येईल कुठून? दुहेरी मूळ असेल तिथे मात्र रेघ आधीच आडवी होऊन टेकते, तिथे कोपरा नसतो.

केवल मूल्य फक्त क्षला लावलं तर गोष्ट पूर्ण बदलते. आता फ ला ऋण संख्या मिळतच नाही, म्हणून डावा अर्धा भाग पुसायचा आणि उजव्याचं प्रतिबिंब तिथे काढायचं. −१ हे मूळ गेलं, त्याच्या जागी −३ आलं. दोन वाडगे शेजारी शेजारी, तळ (−१, −४) आणि (१, −४), मधे (०, −३) वर वर आलेला टोकदार उंचवटा. डावी बाजू न पुसता तिच्यावरच प्रतिबिंब काढणारे एका क्षला दोन य देऊन बसतात. अजून एक बारीक फरक: कंसात आधी क्षचं केवल मूल्य आणि मग त्यातून २ वजा असेल तर चित्र प्रथम २ उजवीकडे न्यायचं आणि नंतर आरसा धरायचा, केवल मूल्याच्या आतच क्ष − २ असेल तर आधी आरसा, मग सरकवणं. क्षच्या जागी काय घातलं, एवढं एक वाक्य दर पायरीला स्वतःशी म्हटलं तरी गोंधळ होत नाही.

याच फ चा व्यस्त, १/फ, रेखाटताना टिंबांची गरजच पडत नाही. मुळं होती तिथे उभ्या असिम्प्टोट, −१ आणि ३ वर. उंची १ किंवा −१ असलेले बिंदू जागचे हलत नाहीत. चिन्ह बदलत नाही, वर ते वरच राहतं. फ दोन्ही टोकांना उंच जातो म्हणून १/फ तिथे अक्षाला वरून चिकटत जातो. राहिला मधला तुकडा. (१, −४) चा (१, −०.२५) होतो, आणि इथेच हात चुकतो: मूळ वाडगा होता म्हणून वाडगाच काढला जातो. पण शेजारी फ −३ असेल तिथे १/फ −०.३३ आहे, म्हणजे अजून खाली. म्हणून −०.२५ हा त्या तुकड्याचा सगळ्यात उंच बिंदू, आणि तो तुकडा दोन्हीकडून खाली कोसळणारी टेकडी आहे.

आता एक पूर्ण रेखाटन, सुरुवातीपासून. य = (क्ष² − १)/(क्ष − २). छेद २ ला शून्य, अंश तिथे ३, म्हणजे खरंच फुटतो. हे तपासायचंच, कारण (क्ष² − ४)/(क्ष − २) मधे अंशही शून्य होतो आणि तिथे असिम्प्टोट नसून सरळ रेषेतलं फक्त एक भोक असतं, (२, ४) वर. आपल्या फंक्शनची मुळं −१ आणि १, य-अक्षावर ०.५. २ च्या किंचित उजवीकडे, २.०१ घातलं तर य सुमारे ३०४. किंचित डावीकडे, १.९९ ला सुमारे −२९६. उजवी फांदी वरून येते, डावी खाली जाते.

लांब गेल्यावर काय? क्ष² ला क्ष ने भागलं, क्ष आला, म्हणून य = क्ष ही तिरकी असिम्प्टोट, असं लिहून मोकळे होणारे चढ बरोबर पकडतात आणि रेषा चुकतात. भागाकार पुरता करावा लागतो: य = क्ष + २ + ३/(क्ष − २). रेषा य = क्ष + २ आहे. शेवटचं पद उजवीकडे धन आणि डावीकडे ऋण, म्हणजे वक्र उजव्या टोकाला रेषेच्या वरून आणि डाव्या टोकाला खालून तिला मिळत जातो.

एवढ्यावर चित्र जवळजवळ स्वतःच उमटतं. उजवी फांदी आकाशातून उतरते आणि शेवटी रेषेबरोबर वर जाते, म्हणजे मधे कुठे तरी तिला वळावंच लागतं. डावी फांदी रेषेखालून येते, −१ ला अक्ष ओलांडते, ०.५ वरून जाते, १ ला परत खाली उतरते. तिचा माथा −१ आणि १ मधे. तो य-अक्षावरच असेल असं समजून (०, ०.५) ला माथा करायचा मोह होतो, तसं नाहीये. डेरिव्हेटिव्ह न घेताही माथा सापडतो. समीकरण क्षमधलं वर्गसमीकरण म्हणून लिहा: क्ष² − यक्ष + २य − १ = ०. क्ष खरा असायचा तर य² − ८य + ४ ऋण नसावं. म्हणजे य ०.५३६ च्या वर आणि ७.४६४ च्या खाली कधीच नसतो. या दोन उंच्यांमधल्या आडव्या पट्ट्यात वक्र पाऊलच टाकत नाही. त्या कडांवर क्ष म्हणजे य/२: ०.२६८ आणि ३.७३२. माथा (०.२६८, ०.५३६), उजवीकडचा तळ (३.७३२, ७.४६४).

या आकड्यांकडे थोडा वेळ पाहत राहिलं की दिसतं: ०.२६८ आणि ३.७३२ यांचा मध्य २, आणि ०.५३६ व ७.४६४ यांचा मध्य ४. दोन्ही असिम्प्टोटही (२, ४) मधेच एकमेकींना छेदतात. मग म = क्ष − २ आणि न = य − ४ घेऊन बघा. सगळा पसारा न = म + ३/म एवढ्यावर येतो. म आणि न दोघांची चिन्हं बदलली तरी समीकरण तेच राहतं, म्हणून नव्या आरंभबिंदूभोवती, म्हणजे (२, ४) भोवती, अर्धा फेरा मारला की चित्र स्वतःवरच बसतं. वळणं म = ±१.७३२ वर, उंची ±३.४६४. तिरकी रेषा नुसती न = म. कागदावर (२, ४) पाशी दोन तुटक अक्ष ओढायचे, त्यांच्यावर हा साधा वक्र काढायचा, आणि मग मूळ अक्षांवर −१, १ आणि ०.५ च्या खुणा करायच्या.